सोलरचं कर्ज नेमकं कुठे बुडतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या छोट्या पतसंस्थेला सभासदांच्या घरांसाठी सोलरचं कर्ज सुरू करायचंय. काही संचालक म्हणतात, पॅनल एवढे स्वस्त झालेत, ज्याला हवंय तो रोखीने घेईल, आपण कशाला मध्ये पडा. बाकीचे म्हणतात, ज्यांना खरी गरज आहे त्यांना दिलं तर पैसे परत येणार नाहीत. त्यात एक देणगीदार संस्था निम्मी किंमत अनुदान म्हणून द्यायला तयार झाली आहे. अनुदान घ्यावं का, व्याज किती लावावं आणि मुदत किती ठेवावी, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी या कामात अठरा वर्षं आहे. पहिली सहा वर्षं छपरावर गेली, म्हणजे यंत्रणा बसवण्यात आणि दुरुस्तीत. नंतर कर्जाच्या टेबलावर आलो. म्हणून माझं उत्तर जरा वाकड्या वाटेने येईल. तुमचे दोन्ही गट कर्जदाराकडे बघतायत, तो घेईल का आणि फेडेल का. मी आधी यंत्राकडे बघतो. माझ्या हातून गेलेल्या कर्जांपैकी जी थकली, त्यांतली थोडीच ऐपत नव्हती म्हणून थकली. बरीचशी थकली ती दिवा बंद पडला आणि कोणी बघायला आलं नाही म्हणून. बंद दिव्याचा हप्ता कोण भरेल? मीही भरणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. घराला वीजजोडणी आहे की नाही, यावर सगळं गणित फिरतं. जोडणी असेल तर सोलर बिल कमी करतं, आणि ते किती कमी करतं हे दर, नेट मीटरिंगचे (जादा सोलर वीज जाळ्यात देऊन बिलातून वळती करून घेण्याचे) नियम आणि छप्पर यांवर ठरतं. जोडणी नसेल किंवा नावापुरती असेल, तर सोलर रॉकेल, मेणबत्त्या, टॉर्चचे सेल आणि फोन चार्ज करून आणण्याचा खर्च यांची जागा घेतं. तुमच्या लिहिण्यावरून तुमचे बहुतेक सभासद दुसऱ्या प्रकारातले वाटतात, तेव्हा मी मुख्यतः त्यांच्याबद्दल बोलतो.

आता पहिल्या गटाचा मुद्दा, स्वस्ताईचा. पॅनल स्वस्त झाले हे खरंच आहे. मोठ्या सौर प्रकल्पांतल्या विजेचा सरासरी खर्च 2010 ते 2020 या दहा वर्षांत सुमारे 85 टक्क्यांनी उतरला. पण घरगुती यंत्रणेत पॅनल हा एक भाग झाला. बॅटरी, चार्ज कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा), वायरिंग, स्टँड, वाहतूक आणि बसवणाऱ्याची मजुरी हे सगळं त्याच वेगाने उतरलेलं नाही. शिवाय रॉकेल बाटलीभर मिळतं. आज पैसे आहेत तर आज आणा, उद्या नसतील तर अंधारात बसा. सोलर घेणं म्हणजे पुढच्या वीस वर्षांचं इंधन एका दिवसात विकत घेणं. ज्याच्या हातात एकदम पैसा कधी येतच नाही, त्याच्यासाठी किंमत निम्मी झाली तरी ती एकरकमीच राहते.

म्हणूनच या धंद्यात उन्हापेक्षा व्याजदर महत्त्वाचा ठरतो. एक साधा हिशेब करून बघा. यंत्रणेची किंमत 100 धरा, आयुष्य 20 वर्षं धरा आणि ती रक्कम 20 समान वार्षिक हप्त्यांत फेडायची असं समजा. 4 टक्के व्याजाने वर्षाला 7.36 भरावे लागतात, 12 टक्क्यांनी 13.39 आणि 18 टक्क्यांनी 18.68. पॅनल तेच, ऊन तेच, वीज मात्र अडीचपट महाग. विकसनशील देशांत स्वच्छ ऊर्जेसाठी उभा केलेला पैसा श्रीमंत देशांच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतो, आणि ऊन नेमकं तिथेच जास्त आहे. वीस वर्षांचं घरगुती कर्ज तुम्ही देणार नाही, ते देऊही नये. पण दर ठरवताना हा आकडा डोळ्यांसमोर असू द्या. संचालकांना कागदावर करून दाखवलात तर अर्धी चर्चा तिथेच संपेल.

हप्त्याचा आकार मात्र व्याजावरून ठरवू नका. तो घराच्या आजच्या खर्चावरून ठरवा. हा खर्च काढायची एक रीत आहे. “महिन्याला किती लागतं?” असं विचारलं की माणूस कायतरी गोल आकडा सांगतो, आणि तो जवळजवळ नेहमी चुकीचा असतो. मी विचारतो: काल काय आणलं? बाटली शेवटची कधी भरली? फोन चार्ज करायला कोण गेलं, किती पैसे दिले, जाऊन यायला किती वेळ मोडला? टॉर्चमधले सेल कधी बदलले? दोन आठवडे वहीत लिहायला सांगा. शाळेत जाणारं पोर असेल तर वही त्याच्याकडे द्या, ते चोख लिहितं. दोन आठवड्यांनी घरातली माणसंच आकडा बघून चकित होतात. हप्ता त्या आकड्याच्या आत बसला, तर तुम्ही त्या घरावर नवा बोजा टाकत नाही, फक्त जुन्या पैशाची दिशा बदलता.

हप्त्याचा आकार बसला तरी त्याची वेळ बसायला हवी. रोजंदारीवर जगणाऱ्याला महिन्याचा एक मोठा हप्ता जड जातो, पण त्याच पैशाचे रोजचे किंवा आठवड्याचे तुकडे त्याच्या अंगवळणी पडतात. शेतकऱ्याचं उलट आहे. पीक विकलं की तो एकदम भरेल, मधले चार महिने त्याच्या दाराशी जाऊन फक्त संबंध बिघडतात. केनियात हप्त्यांवर घरगुती सोलर विकणाऱ्या एम-कोपा कंपनीने 2012 पासून हीच नस पकडली. तिथे एम-पेसामुळे फोनवरून पैसे पाठवण्याची सवय 2007 पासून लागलेली होती. ग्राहकाने थोडी रक्कम आधी भरायची, मग रोज थोडं थोडं फोनवरून. पैसे आले की यंत्र चालू, नाही आले की दुरूनच बंद, आणि पूर्ण फेड झाली की यंत्र कायमचं मोकळं.

या दुरून बंद करण्याच्या सोयीबद्दल मला अनेक जण विचारतात. वसुली सोपी होते यात शंका नाही. पण घरात आजारी माणूस असताना रात्री दिवा बंद पडणं काय असतं, हे त्या कुलपाचा आराखडा करणाऱ्याने बघितलेलं नसतं. तुम्ही असं यंत्र घेतलंत तर दोन अटी आधीच लिहून ठेवा. एक, हप्ता चुकल्यावर काही दिवसांची सवलत असेल आणि त्यानंतरही एक दिवा चालू राहील. दोन, तक्रार नोंदवल्यापासून दुरुस्ती होईपर्यंतचे दिवस हप्त्यात धरले जाणार नाहीत. दुसरी अट पुरवठादाराला आवडत नाही. त्याला ती का आवडत नाही, हे बघितलंत तरी त्याच्या सेवेबद्दल बरंच कळेल.

आता मुदत. 100 रुपयांच्या कर्जावर घटत्या मुद्दलाने वर्षाला 18 टक्के धरले, तर 36 महिन्यांसाठी महिन्याचा हप्ता 3.62 येतो आणि 60 महिन्यांसाठी 2.54. साहजिकच मुदत ताणायचा मोह होतो. इथे माझा एकच नियम आहे: मुदत बॅटरीच्या भरवशाच्या आयुष्याच्या आत संपली पाहिजे. पॅनल वीस-पंचवीस वर्षं चालेल, पण घराला दिवा दिसतो तो बॅटरीमुळे. लेड-ॲसिड बॅटरी नीट वापरली तर तीन ते पाच वर्षं जाते, आणि नीट वापरली जातेच असं नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग पडते, पण तिची चार्ज-डिस्चार्जची आवर्तनं हजारोंत असतात आणि तिला पाणी घालायला लागत नाही.

मला एक घर आठवतं. कर्ज पाच वर्षांचं होतं, बॅटरी लेड-ॲसिड. तिसऱ्या वर्षी हप्ते थांबले. वसुलीवाला तीनदा जाऊन आला, त्याच्या वहीत “टाळाटाळ करतो” एवढाच शेरा. मग मी गेलो. बॅटरी चुलीजवळच्या कोनाड्यात होती, टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढलेला. झाकणं उघडली तर प्लेटा उघड्या पडलेल्या. पाणी कमी झालं की घालायचं एवढंच त्यांना सांगितलं होतं, ते डिस्टिल्ड हवं हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून घरच्या हंड्यातलं घातलेलं. दिवा संध्याकाळी वीस मिनिटं लागायचा. घरच्या बाईंनी हप्त्याचे पैसे एका डब्यात बाजूला ठेवले होते, चक्क मोजून. म्हणाल्या, “दिवा लागला की देते.” टाळाटाळ आम्हीच करत होतो.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, ती तुम्हालाही सुचवतो. थकबाकीची वही आणि तक्रारीची वही शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिला हप्ता चुकला ती तारीख आणि पहिली तक्रार आली ती तारीख, दोन्ही बघा. बहुतेक वेळा तक्रार आधीची निघते. तुमच्याकडे तक्रारीची वहीच नसेल तर सोलरचं कर्ज सुरू करू नका, हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय.

व्याजाबद्दल आणखी एक. पुरवठादार स्वतः कर्ज देत असेल तर त्याचा दर नीट तपासा. “फक्त 12 टक्के” म्हणतात आणि ते फ्लॅट असतात, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवर. तीन वर्षांत 100 चे 136 भरायचे, महिन्याला 3.78. घटत्या मुद्दलाने बघितलं तर हा दर 21 टक्क्यांच्या आसपास जातो. तुमचा 18 टक्के दर त्याच्यापुढे महाग दिसेल आणि प्रत्यक्षात स्वस्त असेल. सभासदाला टक्के सांगूच नका. हप्ता किती, हप्ते किती, एकूण किती, हे तीन आकडे सांगा.

इथवरचं थोडक्यात असं: दर जमेल तेवढा खाली, हप्ता आजच्या खर्चाच्या आत, वेळ उत्पन्नाच्या चालीने, मुदत बॅटरीच्या आत, आणि दुरुस्ती करणारा माणूस पगारावर. यातलं शेवटचं जमलं नाही तर पहिली चार वाया जातात.

अनुदानाकडे वळतो, कारण तुमचा खरा पेच तिथे आहे असं मला वाटतं. बांगलादेशचं उदाहरण घ्या. तिथे 2003 मध्ये इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेने घरगुती सोलरचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढच्या पंधरा वर्षांत चाळीस लाखांहून अधिक घरांत यंत्रणा गेल्या. इडकॉल स्वतः दारोदार गेली नाही. ग्रामीण शक्तीसारख्या, 1996 पासून हेच काम करणाऱ्या संस्था यंत्रणा विकायच्या, बसवायच्या, हप्ते घ्यायच्या आणि दुरुस्तीही करायच्या. इडकॉल त्यांना मागून स्वस्त पैसा पुरवायची, सामानाचा दर्जा ठरवायची आणि बसवलेलं काम तपासायची. ग्राहक थोडी रक्कम आधी भरायचा, उरलेली दोन-तीन वर्षांत. अनुदान होतं, पण लहान होतं, आणि ते जाणूनबुजून वर्षागणिक घटवत नेलं. विकणारा आणि वसूल करणारा माणूस एकच असल्यामुळे बिघाड लपून राहत नव्हता. ज्याने हप्ता मागायचा, त्यालाच वायर जोडावी लागायची.

पुढे ही गाडी अडखळली. कारण तांत्रिक नव्हतं. विजेचं जाळं अंदाजापेक्षा भराभर पसरलं, आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून तशाच यंत्रणा फुकट वाटल्या जाऊ लागल्या. शेजाऱ्याला फुकट मिळालं तर आपण का भरायचं? वसुली घसरली, कर्ज देणाऱ्या संस्था अडचणीत आल्या. या दोन्ही गोष्टी तुमच्याकडेही होऊ शकतात. तेव्हा पुढच्या तीन वर्षांत वीजवाहिनी कुठे पोचणार आहे ते आधी विचारा. दुसरी कोणती संस्था जवळपास फुकट वाटप करणार आहे का, तेही विचारा. आणि तुमचाच देणगीदार एका वस्तीला निम्म्या किमतीत आणि दुसरीला पूर्ण फुकट देणार नाही, हे लेखी घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर अनुदान घेतलं असतं, पण किमतीवर लावलं नसतं. किमतीवर निम्मं अनुदान जाहीर झालं की पहिल्या आठवड्यात विक्रेत्याचा दर वर सरकतो आणि अनुदान संपलं की मागणी थांबते, कारण लोक पुढच्या अनुदानाची वाट बघत बसतात. त्याच पैशातून आधी दोन वर्षं एका तंत्रज्ञाचा पगार बाजूला काढा. मग एक हमी-निधी करा: कर्जं बुडाली तर ठरावीक मर्यादेपर्यंतचा पहिला तोटा या निधीतून, त्यापलीकडचा तुमचा. असा निधी असला की तुमचे दुसरे गटवाले संचालक ज्याच्याकडे तारण नाही त्यालाही कर्ज द्यायला तयार होतील. निधी वापरला गेला नाही तर तो पुढच्या खेपेला तसाच उपयोगी पडतो. किमतीवर दिलेलं अनुदान एकदाच खर्च होतं.

उरलेलं अनुदान उपकरणांवर लावा. याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मला ते कळत नाही, कारण सगळ्यात स्वस्त सोलर म्हणजे न लागणारा सोलर. साधा छताचा पंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा 30 वॅटच्या आसपास भागवतो. रात्री आठ तास चालला तर पहिल्याला 600 वॅट-तास, दुसऱ्याला 240. म्हणजे पंख्यापुरती बॅटरी आणि पॅनल निम्म्याहून लहान. पंख्याची किंमत वाढते त्यापेक्षा बॅटरीची किंमत जास्त उतरते, आणि कर्जाची एकूण रक्कमच खाली येते. शिवणयंत्राची मोटर, छोटा फ्रीज, पाण्याचा पंप, सगळीकडे हाच हिशेब लागू आहे. आणि शिवणयंत्रासारखं कमाईचं साधन त्याच यंत्रणेवर चालत असेल तर हप्ता त्याच कमाईतून निघतो. अशी कर्जं मी डोळे मिटून नाही, पण एक डोळा मिटून देतो.

एक कबुली इथे द्यायला हवी. काही घरांना कर्ज हा उपायच नाही. जिथे वहीत दोन आठवड्यांत जेमतेम दोन ओळी येतात, कारण ते लोक संध्याकाळी काही पेटवतच नाहीत, तिथे वाचणारा खर्चच नाही. त्यांना हप्त्यात अडकवणं म्हणजे जेवणातून कापणं. अशा घरांना पूर्ण मदत द्या, पण निकष आधी सगळ्यांसमोर वाचून दाखवा, म्हणजे शेजाऱ्यांत कुजबुज होणार नाही. आरोग्यकेंद्र आणि शाळाही याच बाजूला धरा. तिथे मात्र दर चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलायचा पैसा कुठून येणार हे पहिल्या दिवशी ठरवा, नाहीतर उद्घाटनाच्या फोटोपलीकडे काही उरत नाही.

वीजजोडणी असलेल्या सभासदांसाठी पटकन सांगतो. बिल नियमित भरणाऱ्याला छपरावरच्या सोलरचं कर्ज देणं सोपं आहे. हप्ता वाचणाऱ्या बिलाएवढा ठेवा आणि नेट मीटरिंगचे नियम बदलले तरी तो झेपेल का ते तपासा. भाडेकरूंना छप्पर नसतं, त्यांच्यासाठी सामाईक सोलर प्रकल्पातला हिस्सा हा मार्ग आहे, पण वीज कंपनी त्यांच्या बिलात ते वळतं करून देत असेल तरच.

तुमचा स्वतःचा पैसा कुठून येतोय, हेही बघा. एक वर्षाच्या ठेवी घेऊन तीन वर्षांचं कर्ज दिलंत तर दुसऱ्या वर्षी ठेवीदार दारात उभा राहील. आणि देणगीदाराने उद्या “आमच्याकडून डॉलरमध्ये स्वस्त कर्ज घ्या” असं सुचवलं तर भुलू नका. सभासद हप्ता स्थानिक चलनात भरतो. नायजेरियाच्या नायराचा विनिमय दर जून 2023 मध्ये मोकळा सोडला आणि वर्षभरात त्याची डॉलरमधली किंमत निम्म्याहून खाली गेली. ज्या सोलर कंपन्यांनी डॉलरमध्ये कर्ज उचललं होतं, त्यांच्या एकाही ग्राहकाने हप्ता चुकवला नसता तरी त्यांचं कर्ज नायरात दुपटीहून जास्त झालं असतं. ही जोखीम उचलायला टीसीएक्ससारखे चलन-निधी आहेत, 2007 पासून. पण त्यांची फी धरली की स्वस्त डॉलर फारसा स्वस्त राहत नाही.

सुरुवात पन्नास कर्जांनी करा, त्याहून जास्त नको. सगळी अशा अंतरात, की तंत्रज्ञ सकाळी निघून संध्याकाळी परत येईल. सामान व्हेरासोलच्या, म्हणजे सोलर सामानाचा दर्जा तपासणाऱ्या कार्यक्रमाच्या, चाचणीत उतरलेलं घ्या, हमीपत्र सभासदाच्या भाषेत असू द्या. पुरवठादाराला पूर्ण पैसे एकदम देऊ नका: सत्तर टक्के बसवल्यावर, वीस टक्के तीन महिन्यांनी आणि उरलेले दहा टक्के एका वर्षाने. शेवटचे दहा टक्के हीच तुमची खरी वॉरंटी. पॅनल बसवायच्या आधी सकाळी नऊ आणि दुपारी तीन वाजता छपरावर सावली कुठे पडते ते कोणीतरी जाऊन बघा, एका फांदीने आख्खी यंत्रणा मान टाकते. आणि कर्ज घरात दिवा रोज जिच्या हाताने लागतो तिच्या नावावर, किमान जोडनावावर ठेवा. बिघाड तिला पहिल्यांदा कळतो आणि हप्त्याचा डबाही बहुधा तिच्याकडेच असतो.

तंत्रज्ञाचा पगार देणगीदार द्यायला तयार होतोय का, ते आधी विचारून या. “पगाराला पैसे देता येत नाहीत, फक्त साहित्याला देतो,” असं उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे, मला ते कितीदा मिळालंय. तसं झालं तर प्रत्येक हप्त्यातून सेवेसाठी वेगळा भाग काढावा लागेल आणि वरचा हप्त्याचा हिशेब बदलेल. कुठली बॅटरी, किती घरं, घरांमधलं अंतर किती, एवढं लिहून पाठवलंत तर तो भाग किती ठेवायचा ते मी काढून देतो.